दुसरा उकार

दगडावर काम करणाऱ्या माणसाच्या भुवया आधी पांढऱ्या होतात, केस नंतर. बाईंना हे पहिल्या आठवड्यातच कळलं. संध्याकाळी घरी येऊन त्या आरशासमोर उभ्या राहिल्या की चाळिशीच्या चेहऱ्यावर कुणीतरी सत्तरीच्या भुवया चिकटवल्यासारखं दिसायचं. खडूची पूड झटकली की जायची. संगमरवराची जात नाही. धुतल्यावरही कानामागे थोडी उरतेच.

"मास्तरीण होतीस, पाथरवटीण झालीस," सासूबाई पलंगावरून म्हणायच्या. "पुढच्या वर्षी काय होणार आहेस ते आधी सांगून ठेव."

"पुढच्या वर्षी सासू होईन म्हणते," बाई म्हणायच्या, आणि शाळकरी लेक वहीतून डोकं वर न काढता म्हणायची, "मला मध्ये ओढू नका."

घरात चार माणसं आणि मिळवता हात एकच. कारखान्यात लोखंडी सळ्यांचा भारा अंगावर आला तेव्हापासून नवऱ्याला फार वेळ उभं राहता येत नव्हतं. स्टुलावर बसून तो भाजी चिरायचा, आईची औषधं बघायचा, लेकीचे गणवेश इस्त्री करायचा. हे सगळं तो इतक्या नीटनेटकेपणानं करायचा की बाईंना कधी कधी त्याचाच राग यायचा. तक्रार करणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

दगडाच्या आधी बारा वर्षं बाई एका शाळेत भाषा शिकवत होत्या. पाचवी ते सातवी. मुलं त्यांना वेलांटीबाई म्हणायची, कारण चुकलेल्या प्रत्येक वेलांटीभोवती त्या लाल शाईचा गोल करायच्या, आणि एखाद्याच्या निबंधात इतके गोल व्हायचे की पान पुरळ उठल्यासारखं दिसायचं. पण त्या नुसते गोल करून थांबायच्या नाहीत. 'सुकर' आणि 'सूकर' शिकवताना त्या फळ्यावर दोन मोठे 'स' काढायच्या. एकाला पहिला उकार, एकाला दुसरा. मग दुसऱ्या उकाराचं टोक ओढत, वळवत त्याचं शेपूट करायच्या आणि शेपटाला पुढे डुक्कर जोडायच्या. गोल पोट, चपटं नाक, झोपाळू डोळे. "शेपूट बाहेर," बाई म्हणायच्या. "डुक्कर," वर्ग म्हणायचा. पहिला उकार असेल तर सोपं, दुसरा असेल तर डुक्कर. एकदा हे चित्र पाहिलेलं मूल तो शब्द पुन्हा चुकत नसे.

नोकरी मात्र कायम झाली नव्हती. दर वर्षी नेमणुकीचं नवं पत्र यायचं आणि त्यावर मोठ्या सरांची सही असायची. मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक. उंच, परीटघडीचे, बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी किंचित थांबणारे, जणू टाळ्यांना जागा ठेवताहेत. भाषणं चांगली करत. लिहायला बसले की मात्र ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या हातून तांदळातल्या खड्यांसारखे निसटायचे. त्यांच्या सूचना फलकावर लागण्याआधी बाई गुपचूप पेन्सिलीनं दुरुस्त करायच्या. सर त्याबद्दल कधी काही बोलले नाहीत. चुकणारी माणसं दोन प्रकारची असतात, हे बाईंना फार उशिरा उमगलं. एक, चूक दाखवणाऱ्याचे आभार मानणारी. आणि दुसरी, त्याचा चेहरा लक्षात ठेवणारी.

शाळेला पन्नास वर्षं झाली तेव्हा स्मरणिका निघाली. मुखपृष्ठाचा मजकूर सरांनी स्वतः लिहिला होता आणि त्यात मोठ्या अक्षरांत 'वर्धापन दीन' होतं. बाईंनी छापखान्याच्या कच्च्या प्रतीवर लाल शाईनं 'दिन' केलं. सरांनी ती दुरुस्ती खोडली, शेजारी 'आहे तसेच ठेवावे' असं लिहिलं आणि प्रत पुढे पाठवली. स्मरणिका छापून आली. संस्थेच्या अध्यक्षांनी ती भर कार्यक्रमात हातात धरून विचारलं, "काय हो, पन्नास वर्षांत शाळा इतकी दीन झाली का?" सभागृह हसलं. मोठे सरही हसले. दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत ते हसत नव्हते.

"मुद्रितं कुणी तपासली?"

बाई उभ्या राहिल्या. "सर, मी दुरुस्ती केली होती. कच्च्या प्रतीवर आहे."

"कुठे आहे ती प्रत?"

प्रत सापडली नाही. कपाटात नव्हती, छापखान्यात नव्हती. शेवटी ती सरांच्याच टेबलाकडे गेली होती हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येक जण आपापल्या चहाच्या कपात बघत होता.

"ज्यांना ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही," मोठे सर म्हणाले आणि टाळ्यांपुरते थांबले, "त्यांनी भाषा शिकवू नये."

त्या वर्षी नेमणुकीचं पत्र आलं नाही. अनुभवाच्या दाखल्यावर मात्र सरांच्या अक्षरात एक ओळ आली: शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष. 'शुद्धलेखन' हा शब्द तेवढा बरोबर लिहिला होता. शब्दकोशात पाहून लिहिला असणार, बाईंना वाटलं. तेवढे कष्ट त्यांनी घेतले.

तो दाखला घेऊन त्या पाच शाळांत गेल्या. पाचही ठिकाणी समोरचा माणूस आधी त्यांचा चेहरा बघायचा, मग कागद, मग पुन्हा चेहरा. पाचव्या शाळेतून परत येताना एका दुकानाच्या काचेवर चिठ्ठी दिसली: 'अक्षर चांगले असलेली व्यक्ती पाहीजे'. आत संगमरवराच्या पाट्या रांगेनं टेकून ठेवल्या होत्या. घरांच्या नावाच्या, दवाखान्यांच्या, थडग्यांच्या. बाईंच्या हातानं पर्समधून पेन काढलं आणि 'पाहीजे'ची दुसरी वेलांटी पहिली केली. आतून मालक बघत होते.

"अक्षर बघू," ते बाहेर येऊन म्हणाले.

अशी नोकरी लागली. काम सुरुवातीला दगडावर अक्षरं आखून देण्याचं होतं. छिन्नी काका चालवायचे. काका म्हणजे दुकानातले म्हातारे कारागीर. त्यांना वाचता येत नव्हतं. आयुष्यभर अक्षरं कोरली, पण त्यांच्या लेखी ती अक्षरं नव्हती, खाचा होत्या. सहा महिन्यांत बाईंनीही छिन्नी धरली.

"दगडावर राग काढू नका, तडा जातो," काका म्हणाले.

"राग दगडावर नाही, काका."

"मग ज्याच्यावर आहे तो मनात ठेवा आणि हात हलका ठेवा."

बाईंनी दोन्ही केलं. हात हलका झाला आणि राग मनात राहिला. मुरला. कोरताना त्या एक दृश्य रचत राहायच्या. मोठे सर फळ्यासमोर उभे आहेत, हातात खडू आहे, आणि पहिल्या बाकावर बाई एकट्या बसल्या आहेत. सरांना एक शब्द लिहायचा आहे. त्यांना तो येत नाही. एवढंच. कोणता शब्द, ते दर वेळी बदलायचं.

पहिल्याच वर्षी त्यांच्या हातून एक दगड वाया गेला. एका घराची पाटी होती. गिऱ्हाइकानं कागदावर 'आशिर्वाद' लिहून दिलं होतं. बाईंनी न विचारता 'आशीर्वाद' आखलं आणि काकांनी ते कोरलं. न्यायला आलेला माणूस पाटीकडे बघतच राहिला. "ते माझ्या वडिलांनी लिहिलेलं होतं," तो म्हणाला. "जुन्या घरावर असंच होतं. मला तेच हवं होतं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालकांनी तो दगड भिंतीकडे तोंड करून उभा केला. "हा इथेच राहील," ते म्हणाले. "आपण चुका सुधारत नाही, बाई. आपण पाट्या करतो. मजकूर गिऱ्हाईक लिहिणार, गिऱ्हाईक तपासणार, गिऱ्हाईक सही करणार. पुन्हा एक अक्षर बदललंत तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका."

बाईंनी मान हलवली. घरी स्टुलावर बसलेला नवरा आणि पलंगावरच्या सासूबाई त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी डोळे मिटल्यासारखं काम केलं. 'स्मृती'च्या जागी 'स्मॄती', 'वैद्यकीय'च्या जागी 'वैद्यकिय'. जसं आलं तसं. एकेक वेलांटी कोरताना दाताखाली वाळू आल्यासारखं व्हायचं, पण त्या कोरायच्या.

मग एका सकाळी मोठे सर दुकानात आले.

बाईंच्या तोंडावर फडकं होतं, भुवया पांढऱ्या होत्या. सरांनी आधी ओळखलं नाही. ते मालकांशी बोलत होते. ते निवृत्त होत होते, शाळेच्या नव्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरलं होतं, आणि दाराशी लावायला पाटी हवी होती. "मजकूर माजी विद्यार्थ्यांनीच तयार केलाय," त्यांनी खिशातून कागद काढत सांगितलं. कागदावरचं अक्षर सरांचं स्वतःचं होतं. तो वळणदार, गर्विष्ठ 'म' बाईंनी बारा वर्षं पाहिला होता.

मालकांनी कागद आखण्यासाठी बाईंकडे दिला. वर नाव होतं. खाली लिहिलं होतं: ज्यांनी असंख्य विद्यार्थ्यांचा मार्ग सूकर केला.

बाईंनी तोंडावरचं फडकं काढलं. श्वास घ्यायला थोडी जागा हवी होती.

"अरे," सर म्हणाले. "तुम्ही? इथे?" त्यांनी दुकानभर नजर फिरवली आणि समाधानानं परत आणली. "बरं झालं. अक्षर तेवढं तुमचं चांगलं होतं, कारणी लागलं." मग ते मालकांकडे वळून हसत म्हणाले, "फक्त तपासायला यांच्याकडे देऊ नका हं. यांच्या हातून चुका सुटतात."

काकांची छिन्नी क्षणभर थांबली.

"आमच्याकडे गिऱ्हाईकच तपासतं," मालक म्हणाले.

बाईंनी कागद सरांपुढे ठेवला, पेन ठेवलं. "सर, एकदा नीट वाचून घ्या. मग खाली लिहा, मजकूर तपासला, आणि सही करा." त्यांचा आवाज अगदी साधा होता. परीक्षेला मुलांना पेपर देताना असतो तसा.

सरांनी वाचलं. ओठ हलवत वाचलं, शेवटी थांबले. सही केली.

त्या संध्याकाळी बाईंनी घरी सगळं सांगितलं. नवरा इतका हसला की त्याला कंबर धरावी लागली. "म्हणजे सभागृहाच्या दाराशी सरांनी मुलांच्या वाटेवर डुक्कर सोडलंय, आणि कोरणार तू."

"नियम आहे," बाई म्हणाल्या. "अक्षर बदललं तर नोकरी जाईल."

"हो, नियमच आहे तो," नवरा म्हणाला, आणि पुन्हा हसला.

त्याच शाळेत नववीला असलेली लेक हसली नाही. "आई, पण पाचवीतली मुलं? त्यांना कुठे माहितीये? पाटीवर असतं ते बरोबर, असंच वाटणार त्यांना."

बाईंनी ताट घासायला घेतलं, आणि जरा जास्तच घासलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्षरं आखली आणि पाटी स्वतः कोरायला घेतली. काकांना हात लावू दिला नाही. आधी नाव, मग 'ज्यांनी', मग 'असंख्य'. 'सू'पाशी आल्या तेव्हा त्यांनी छिन्नीला धार लावली. बाकीची अक्षरं जितकी खोल होती, त्याच्या दुप्पट तो उकार. शेपूट त्यांनी टोकाला अगदी किंचित वर वळवलं. अक्षराच्या नियमात बसेल इतकंच.

"एवढं खोल कशाला?" काकांनी विचारलं.

"टिकायला पाहिजे."

पाटी तयार झाल्यावर सर बघायला आले. बाईंनी पुन्हा म्हटलं, "वाचून घ्या, सर." त्यांनी अक्षरांवरून हात फिरवला. बोट त्या उकारात गेलं, शेपटावरून बाहेर आलं. "वा," ते म्हणाले. "कोरीव काम म्हणजे कोरीव काम."

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी काका आणि बाई पाटी बसवून आले, वर मखमली पडदा टाकून. दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्याची दोरी अडकली तर कुणीतरी हवं म्हणून मालकांनी बाईंनाच पाठवलं. नव्या सभागृहाच्या दारासमोरच मांडव होता; त्या पुढच्या बाजूच्या खांबाशी उभ्या राहिल्या. पाचवीपासून दहावीपर्यंत मुलं रांगेनं बसली होती. भाषणं झाली. पाहुण्यांनी दोरी ओढली, पडदा सरकला, टाळ्या झाल्या. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकानं पाटीवरचा मजकूर मोठ्यानं वाचला. उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ कुणाला कळतं. टाळ्या पुन्हा झाल्या.

मग त्या विरल्या, आणि दहावीच्या रांगेतून एक मुलगी हळूच म्हणाली, "शेपूट बाहेर."

"डुक्कर," शेजारची म्हणाली. तिलाही ते तोंडातून निसटल्यावरच कळलं.

हसू आधी दहावीत फुटलं, मग नववीत गेलं, मग आठवीत. वाऱ्यानं गवत लवावं तसं ओळीनं गेलं. कुणी तोंड दाबलं, कुणी समोरच्याच्या पाठीत डोकं खुपसलं. "शेपूट बाहेर" मागून येत होतं आणि "डुक्कर" पुढून. पाहुण्यांनी पाटीकडे पाहिलं, चष्मा लावून पुन्हा पाहिलं, आणि रुमाल तोंडाला लावला. मोठे सर व्यासपीठावरून मुलांकडे बघत होते. त्यांना काहीच कळत नव्हतं. हे बाईंना फार आवडलं. कळण्याच्या आधीचं ते अर्धं मिनिट. त्यांनी ते पुरवून पुरवून पाहिलं.

मग अध्यक्ष सरांच्या कानाशी वाकले. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग परीटघडीच्या सदऱ्यासारखा झाला.

पण खांबाशी उभ्या असलेल्या बाईंना आणखी एक गोष्ट दिसली. पाचवी, सहावी आणि सातवी हसत नव्हती. तीन रांगा गप्प बसून मोठ्या मुलांकडे वळून बघत होत्या. त्यांना कुणी डुक्कर काढून दाखवलंच नव्हतं. पहिल्या रांगेतली एक लहान मुलगी मांडीवर वही घेऊन पाटीवरचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होती, दुसऱ्या उकारासकट.

घरी जाताना बाईंना हसू आठवत होतं आणि ती वहीही. दोन्ही एकमेकांना सोडत नव्हती.

संध्याकाळी लेक दप्तर टाकत म्हणाली, "तुला काय वाटलं, आम्ही तसेच घरी आलो? मधल्या सुट्टीत नववी गेली पाचवीच्या वर्गात. मी काढलं फळ्यावर. तुझ्याइतकं गोल नाही आलं पोट."

"नाक?"

"नाक जमलं."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग हात पांढरा आहे हे लक्षात येऊन काढून घेतला. केसांत पाच बोटं उमटली होती.

दोन दिवसांनी पाटी दुकानात परत आली, आणि मागोमाग मोठे सर आले. त्यांचा आवाज दाराबाहेरूनच ऐकू आला. तुमच्या माणसांनी मुद्दाम केलं, त्या बाईंनी सूड उगवला, मी सोडणार नाही. मालकांनी ऐकून घेतलं. मग फायलीतून कागद काढून टेबलावर ठेवला. सरांचं अक्षर, सरांचा उकार, खाली 'मजकूर तपासला' आणि सही. बाईंनी तो कागद पहिल्या दिवशीच फायलीत लावून घेतला होता. कागद जपायचा असतो, हे त्यांना याच माणसानं शिकवलं होतं.

सर खुर्चीत बसले.

"तुम्हाला माहीत होतं," ते बाईंना म्हणाले.

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्हीच म्हणालात, सर. यांना तपासायला देऊ नका."

"जुन्या गोष्टी मनात ठेवून—"

"स्मरणिकेच्या कच्च्या प्रतीवर मी 'दिन' केलं होतं. तुम्ही ते खोडलंत आणि 'आहे तसेच ठेवावे' लिहिलंत. ते आठवतंय ना?"

सरांनी मालकांकडे पाहिलं. मालक दगड मोजत होते. "आता जुनं उकरून काय मिळणार आहे?"

"इथे उकरण्याचाच पगार मिळतो, सर," बाई म्हणाल्या.

नव्या पाटीसाठी नवा मजकूर लिहून द्यायला हवा होता, नियम तोच. बाईंनी कोरा कागद पुढे ठेवला, पेन ठेवलं, आणि समोरच्या बाकड्यावर बसल्या.

सरांनी नाव लिहिलं. 'ज्यांनी असंख्य विद्यार्थ्यांचा मार्ग' इथपर्यंत हात भरभर गेला आणि थांबला. हाताच्या सवयीनं 'सू' लिहिला गेला. त्यांनी तो खोडला. शेजारी 'सुकर' लिहिलं, पहिल्या उकारानं, अगदी बरोबर. मग ते त्याच्याकडे बघत राहिले. एकच शब्द फार वेळ पाहिला की तो अनोळखी होतो. बाईंना ते ठाऊक होतं. परत आलेली पाटी गोणपाटात गुंडाळलेली होती, ताडून बघायला काही नव्हतं.

त्यांनी मान वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाक्याच्या शेवटी ते टाळ्यांसाठी थांबले नाहीत.

"आता बरोबर आहे ना?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. रोज छिन्नीबरोबर रचलेलं दृश्य हेच होतं. फक्त फळ्याच्या जागी टेबल होतं, खडूच्या जागी पेन. शब्द कोणता, तेही आता कळलं होतं.

"मजकूर गिऱ्हाइकानं तपासायचा असतो," त्या म्हणाल्या.

सरांनी कपाळ पुसलं. मग त्यांनी बरोबर लिहिलेला शब्द दोन रेघा मारून खोडला, शेजारी 'सोपा' लिहिलं, सही केली, आणि कुणाकडे न बघता निघून गेले.

बाईंनी गोणपाट सोडलं. 'आशीर्वाद'चा दगड भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्याच्या शेजारी त्यांनी ही पाटी ठेवली, तोंड दाराकडे करून. येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी.

दुपारी नवा दगड आखून झाला आणि बाईंनी छिन्नी उचलली.

"तो शेवटी काय विचारत होता तुम्हाला?" काकांनी विचारलं.

"बरोबर आहे का ते."

"होतं?"

"होतं."

काकांनी छिन्नी फिरवून धरली. "मग सांगायचं की."

बाईंनी वाकून 'सोपा'मधली पूड फुंकली. "सांगेन ना," त्या म्हणाल्या. "बारा वर्षांनी."